पानाची पाठ

जून २०२३. शाळा उघडायला चार दिवस होते आणि आमच्या सरांचा फोन आला, "बाई, खोकी आलीत. उद्या जरा लवकर निघा."

खोक्यांत बारा टॅब होते. गावातून मुंबईला गेलेल्या मंडळींनी आपापसांत वर्गणी काढली, एका संस्थेला गळ घातली आणि हे जमवून आणलं. प्रत्येक टॅबबरोबर रबरी टोकाची एक लेखणी, आणि आत मुळाक्षरं गिरवायचं एक ॲप आधीच घातलेलं. संस्थेच्या माणसाची अट एकच. पहिलीच्या मुलांनी वर्षभर वही-पेन्सिल वापरायची नाही. दाराबाहेर लावायला 'कागदविरहित पहिली' असा फ्लेक्सही तो छापूनच घेऊन आला होता.

आमची शाळा जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात. दोन शिक्षक, चौथीपर्यंत वर्ग, पट ३१. पहिली-दुसरी माझ्याकडे. त्या वर्षी पहिलीत नऊ आणि दुसरीत आठ मुलं.

खरं सांगायचं तर मी हरखले होते. पहिलीच्या वह्या ज्यांनी तपासल्यात त्यांना कळेल. नऊ मुलांच्या नऊ तऱ्हा. कुणाकडे दुरेघी, कुणाकडे चौरेघी, कुणी ताईच्या जुन्या वहीची उरलेली पानं दोऱ्यानं शिवून आणलेली. पेन्सिल चावून चावून मागच्या टोकाचा कुंचला झालेला. रोज कुणाची तरी हरवायची आणि मजुरीला जाणाऱ्या आईकडे परत दहा रुपये मागायचे. हे सगळं जाणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शिवाय सरकारच्या निपुण भारत मोहिमेचं ओझं डोक्यावर होतंच. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आलं पाहिजे, आणि त्यासाठी देशानं मुदत घातलीय २०२६-२७ ची. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले की पहिला प्रश्न तोच.

गंमत अशी की त्याच वर्षी बालभारतीनं पुस्तकांतच कोरी पानं घातली होती, दप्तरातल्या वह्या कमी व्हाव्यात म्हणून. (तो प्रयोग पुढं गुंडाळला.) म्हणजे तिकडं पुस्तकात कागद वाढत होता आणि इकडं आम्ही वहीला रजा देत होतो.

पहिला महिना लोण्यात गेला. भर पावसात हजेरी पूर्ण. घरी पेन्सिल हातात धरायला रडणारा एक पोरगा परिपाठ संपायच्या आत टॅबच्या कपाटापाशी उभा असायचा. ॲपमध्ये अक्षर टिंबांनी काढलेलं असे, बाणानं दिशा दाखवलेली. लेखणी टिंबांवरून फिरली की मागं रंग भरत जाई. रस्ता सोडला की 'टूं' असा आवाज. नीट भरलं तर तीन चांदण्या आणि टाळ्या. मुलं टाळ्यांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवायची. माझ्या टॅबवर प्रत्येकाचा तक्ता दिसायचा. जुलै संपत आला तोवर नऊच्या नऊ मुलांची बहुतेक मुळाक्षरं हिरवी झाली होती. मी त्या हिरव्या तक्त्याचा फोटो केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचे अंगठे आले. तेव्हा आपण काय मिरवतोय ते कळलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी लाईट गेली ती तीन दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाराही टॅब मान टाकून पडले. मी कपाटातून जुन्या पाट्या काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, हातात पाटीवरच्या पेन्सिली दिल्या आणि म्हटलं, "चला, म काढा. मगराचा म."

वर्ग गप्प. अशी शांतता पहिलीत नसते. मुलं पाटीकडे बघताहेत, माझ्याकडे बघताहेत. सगळ्यात जास्त चांदण्या असलेल्या पोरीनं पाटी उलटी करून मागची बाजू पाहिली, परत सुलटी केली आणि विचारलं,

"बाई, ह्यात टिंबं कुठंयत?"

नऊपैकी दोघांना 'म' काढता आला. त्यातल्या एकीला तिच्या आजोबांनी बालवाडीतच शिकवला होता. बाकीच्यांना 'म' ओळखता येत होता. फळ्यावर चार अक्षरं लिहिली की बरोबर बोट ठेवायची. पण कोऱ्या पाटीवर हात कुठून सुरू करायचा हे हाताला ठाऊकच नव्हतं. दीड महिना आम्ही अक्षरं काढत नव्हतो, रंग भरत होतो.

त्या दिवसापासून मी तक्ता बघायचं सोडलं आणि हात बघायला लागले.

पहिली गोष्ट दिसली ती मनगटाची. त्या स्वस्तातल्या टॅबना लेखणीचं टोक आणि तळहात यातला फरक कळत नव्हता. तळहात काचेला टेकला की तिथंही रेघ उमटायची, ॲप 'टूं' करायचं. मुलं हुशार. त्यांनी आठवड्याभरात तोडगा काढला होता. हात पूर्ण हवेत, कोपर वर, आणि लेखणी पार शेवटाला धरलेली, देवापुढं उदबत्ती ओवाळावी तशी. आता लिहिताना करंगळीची कड कागदावर टेकलेली असते आणि तीन बोटांची चिमूट हालचाल करते. पहिलीच्या वर्षात आम्ही जे काही हाताला शिकवतो त्यातलं अर्धं हेच. माझ्या वर्गात अंगठा आणि तर्जनी बसूनच होती, काम सगळं खांद्याचं चाललं होतं. त्यामुळं अक्षरंही हातभर व्हायची. टॅबवरचा 'ग' अख्ख्या काचेएवढा. तोच 'ग' दुरेघीच्या दोन रेघांत बसवा म्हटल्यावर पोरं रडकुंडीला येत.

त्यात काच गुळगुळीत. पाटी पेन्सिलीला अडवते, कर्रर्र वाजते, कागदही थोडा धरून ठेवतो. वळण घेताना हाताला त्या अडण्याचाच आधार असतो. रबरी टोक काचेवर घसरतं ते घसरतंच. आणि ते टोक एवढं जाड की खाली रेघ नेमकी कुठं उमटतेय ते काढणाऱ्यालाच दिसत नाही.

दुसरं प्रकरण 'ल'चं. हे मला आधी कळायला हवं होतं. आपल्याकडे 'ल' पाकळीचा. दोन बाजूंना दोन पाकळ्या आणि मधून देठ. हिंदीत तो दंडाचा, उजवीकडे सरळ उभी रेघ. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' ठरवून दिलाय, पाठ्यपुस्तकात तोच असतो. पण संगणकाच्या हिशेबी दोन्ही 'ल' एकच. दोघांचा युनिकोड क्रमांक एक. कुठला आकार दाखवायचा ते फाँटवर, आणि मजकूर मराठी आहे असं मुद्दाम सांगितलं नाही तर बहुतेक फाँट दंडाचाच पुढं करतात. (तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यावरही माझे 'ल' बहुधा दंडाचेच दिसत असतील.) ॲपमध्ये अर्थातच दंडाचा. 'श'चंही तेच.

एका पोरीनं पुस्तकात पाहून टॅबवर पाकळीचा 'ल' काढला. सुरेख काढला. टूं. परत काढला. टूं. तिसऱ्यांदा 'टूं' झाल्यावर ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली आणि अगदी हळू आवाजात, पुस्तकाची लाज जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "बाई, पुस्तकात चुकलंय."

मी ॲपवाल्यांना मेल लिहिली, निर्णयाची तारीख घातली. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. पुढची आवृत्ती आली ती नव्या टाळ्यांची. 'ल' तसाच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचली, आणि ती मी तोवर कुठं वाचलेली नव्हती. आपण शब्द लिहितो तेव्हा अक्षरांची अंगं आधी काढतो आणि डोक्यावरची रेघ शेवटी, एका दमात, अख्ख्या शब्दावर. ती रेघ मुलाला सांगते की इथं शब्द संपला. ॲपमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत, प्रत्येकाची रेघ वेगळी. ऑगस्टमध्ये मी गुपचूप वह्या परत आणल्या (फ्लेक्स दारावर होताच) आणि 'कमळ बघ' असं सांगितलं. बहुतेकांनी पाच अक्षरांना पाच टोप्या घातल्या. मधे सारखं अंतर. कमळ कुठं संपलं आणि बघ कुठं सुरू झालं ते त्यांनाच वाचता येईना. दुसरीतली मुलं, ज्यांनी पहिली वहीवर काढली होती, ती हसली. मी त्यांना गप्प केलं. पण त्यांचं हसणं बरोबर होतं.

आता वहीबद्दल एक सांगते. वही तपासताना मी आधी पान उलटते. कोऱ्या बाजूवरून बोटं फिरवते. जे मूल फार दाबून लिहितं त्याचं अक्षर पाठीमागं गोंदल्यासारखं बोटाला टोचतं. मग समजायचं की चिमूट आवळलीय, हात लवकर दुखणार, तिसरीत मोठा मजकूर लिहायची वेळ आली की हे पोर कंटाळा करणार. पाठीमागं काहीच लागत नसेल तर पेन्सिल नुसती तरंगतेय. मध्येच एखाद्या ओळीत दाब बदलला तर तिथं पोर थकलंय किंवा खिडकीबाहेर बघत होतं. माझ्या पहिल्या शाळेतल्या एका जुन्या बाईंनी हे मला शिकवलं. त्या पाठ चाचपूनच सांगायच्या, ही वही कुणाची. टॅबला पाठ असते ती कंपनीच्या नावाची.

आणि खोडाखोड. वहीत खोडरबरानं पुसलं तरी राखाडी डाग राहतो, भोक पडतं, मला कळतं की इथं तीनदा अडलंय. टॅबवर झाडूचं चित्र दाबलं की सगळं लख्ख. मुलांना ते फार आवडायचं. माझ्याकडे मात्र फक्त चांदण्या पोचायच्या.

दसऱ्याला एक टॅब गेला, तो असा. आमच्याकडे दसऱ्याला पाटीपूजन असतं. एकच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढायची, झेंडूची फुलं, हळद-कुंकू. सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गात पूजा मांडली तेव्हा पोरांनी विचारलं, टॅब पण ठेवायचे ना? आता नाही कसं म्हणणार? एका मुलीनं इतक्या मनापासून पूजा केली की चार्जिंगच्या भोकात कुंकू गच्च भरलं. वर पाणी शिंपडलं. तो टॅब परत लागला नाही. संस्थेला पाठवायच्या अहवालात 'तांत्रिक बिघाड' असं सरांनी लिहिलं.

पण टॅबनं काहीच दिलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्याच सुमाराला दुसरीतल्या एका पोरानं टॅबमध्ये चित्र काढायचं एक साधं ॲप शोधून काढलं. त्यात काढलेलं चित्र पुन्हा चालवून बघता यायचं, रेघ जशी काढली त्याच क्रमानं. मी त्यात पहिलीच्या प्रत्येकाकडून एकेक शब्द काढून घेतला आणि संध्याकाळी घरी बसून पाहिला.

चहा गार झाला. वही पाहून ज्याचं अक्षर मी 'छान' म्हणून सोडून दिलं होतं, तो पोरगा 'ळ' उलटा काढत होता. उजवीकडच्या खालच्या टोकापासून सुरू करून, पाकळ्या मागच्या मागं वळवत, शेवटी वर रेघेला नेऊन चिकटवायचा. पूर्ण झालेला 'ळ' अगदी छापल्यासारखा. आणखी दोघं 'क'चा दंड खालून वर ओढत होती. कागदावर शेवट दिसतो, वाट दिसत नाही. नऊ मुलांच्या मागं एकाच वेळी मी उभी राहू शकत नाही. माझी सतरा वर्षं झाली या नोकरीत. किती उलटे 'ळ' माझ्या हाताखालून गेले असतील, देव जाणे. अशी अक्षरं पहिलीत खपतात. तिसरीत वेग लागतो तेव्हा हात अडखळतो आणि आपण म्हणतो, पोरगं आळशी आहे.

दिवाळीनंतर मी माझी वेगळी मांडणी केली. त्याआधी थोडं वाचलं, कारण संस्थेच्या माणसाला तोंड द्यायचं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झालाय. मुलांना काही अक्षरं बघून कोऱ्या जागेत लिहायला दिली, काही टिंबांवरून गिरवायला, काही कळ दाबून टाइप करायला. मग अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचताना जो भाग कामाला लागतो तो, हातानं कोरी काढलेली अक्षरं पाहताना जागा झाला. गिरवलेल्या अक्षरांना तसा झाला नाही. हे वाचून मी जरा वरमलेच. कारण गिरवणं आमचंच आहे. टॅब नव्हते तेव्हाही आम्ही मुलांना महिनोन् महिने कित्त्यावर फिरवत होतो. ॲपनं आमचीच सवय उचलून तिला टाळ्या जोडल्या होत्या.

पुढं जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेचा एक अभ्यास शिक्षकांच्या ग्रुपवर फिरू लागला, 'कागदच श्रेष्ठ, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं' अशा मथळ्याखाली. ३६ विद्यापीठीय विद्यार्थी, हातानं लिहिताना मेंदूच्या भागांतला संपर्क टायपिंगपेक्षा जास्त. सगळं बरोबर, पण त्या मुलांनी लिहिलं होतं पडद्यावर, डिजिटल पेननं. तिथं कागद नव्हताच. मी तसं ग्रुपवर लिहिलं. कुणी अंगठा दिला नाही.

तर मांडणी अशी. सकाळी ताटात रांगोळी पसरून बोटानं अक्षर. यात नवं काही नाही, पाटीच्याही आधी धूळपाटी होती. पहिल्या अक्षरांना आपण धुळाक्षरं म्हणतो ती त्यामुळंच. ताट हलवलं की अक्षर गेलं, परत काढायचं, टिंबं नाहीत. मग पाटी. मग दुरेघी, रोज फक्त चार ओळी, पण रेघ शब्दावर एकच. टॅब शुक्रवारी, तोही गिरवायला नाही. मूल शब्द काढणार आणि मग आम्ही सगळे मिळून तो पुन्हा चालवून बघणार. मुलांना याचं वेड लागलं. "बाई, ह्यानं खालून सुरू केलं!" असा गलका व्हायचा. मी तोंडानं शंभरदा सांगून जे सुधारलं नाही ते स्वतःचा हात बाहेरून पाहिल्यावर सुधारलं. उलट्या 'ळ'ला मात्र डिसेंबर उजाडला.

फेब्रुवारीत संस्थेचा माणूस आणि मुंबईची चार मंडळी शाळा बघायला आली. दाराला फ्लेक्स, आत नऊ दुरेघी वह्या. त्याचा चेहरा पडला. मी काहीच लपवलं नाही. मनगट, 'ल', टोप्या, कुंकू, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "म्हणजे टॅब परत न्यायचे का?" त्यावर आमचे सर, जे आयुष्यात कधी घाई करत नाहीत, खुर्चीतून उठून म्हणाले, "नाही नाही नाही." मुंबईकरांपैकी एक आजोबा, गावातले पहिले मॅट्रिक, तोवर एका पोराची वही घेऊन बसले होते. त्यांना त्या वहीतलं काहीतरी फार आवडलं असावं, ती त्यांनी बराच वेळ सोडली नाही. पुढच्या जूनला त्यांनी वह्यांचा गठ्ठा पाठवला, चौरेघी. मी दुरेघी मागितल्या होत्या, पण असो.

ती मुलं आता दुसरी ओलांडून पुढं गेलीत. अकरातले सहा टॅब चालू आहेत, बाकीच्यांच्या बॅटऱ्या फुगल्या. नवी पहिली ताटातल्या रांगोळीत बोटं घालून बसलेली असते. परवा मी वह्या तपासत होते तेव्हा तो 'ळ'वाला आपली वही घेऊन आला. आठ ओळी शुद्धलेखन, प्रत्येक शब्दावर एक रेघ, सरळ. मी लाल पेन उचलायच्या आत त्यानंच पान उलटलं, पाठीवरून बोट फिरवलं, डोळे मिटून, माझी नक्कल करत.

"बाई, खालच्या दोन ओळी टोचतायत," तो म्हणाला. "तिथं मला भूक लागली होती."